गजभिये रस्त्यात ओळखत नाही

गजभिये मला रस्त्यात ओळखत नाही. माझ्याच घराच्या पुढच्या खोलीत बसतो, आमच्या हिच्या हातचा चहा पितो, खोलीत असला की "आबा, आबा" करतो. तोच माणूस विश्रांतवाडीच्या चौकात समोरून आला की मी त्याच्या लेखी विजेचा खांब. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी हात वर करून चांगला खणखणीत जयभीम घातला. त्यानं माझ्या डोक्यावरून पलीकडच्या टायरच्या दुकानाची पाटी वाचली आणि निघून गेला. जयभीमला उत्तर न देणं म्हणजे आमच्या वस्तीत काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आमच्याकडं भांडणारी माणसंसुद्धा आधी जयभीम करतात, मग भांडतात.

संध्याकाळी तो आल्या आल्या विचारलं, "काय रे, डोळे गेलेत का?"

"नाही ना जी आबा. काहून?"

"चौकात जयभीम घातला मी. तू टायर वाचत होता."

"मी रस्त्यात कोणालाच ओळख देत नाही, आबा. माझ्याकडं येऊन बसणाऱ्या माणसाला मी बाहेर ओळख दिली, तर बरोबरचे विचारतील, हा कोण? मग त्याला खोटं बोलावं लागते."

"मी कुठं येऊन बसतो तुझ्याकडं?"

"तुम्ही नाही. पण तुम्हाला जयभीम केला अन् तुमच्या शेजारच्याला नाही केला, तर लोक म्हणतील, शेजारचा जाते याच्याकडं. म्हणून कोणालाच नाही."

मी यावर बराच विचार केला. चूक सापडेना, म्हणून जास्तच राग आला.

मी चौथी शिकलो. पाचवीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही; मास्तर राहिले, मी निघालो. मग सगळी उमर खडकीच्या फॅक्टरीत लेथवर काढली आणि हे घर बांधलं. त्यामुळं मला कुणी शहाणपण शिकवायला आला की मी आधी त्याचे हात बघतो. गजभियेचे हात मऊ. मूळचा नागपूरचा, वय पस्तिशीच्या आसपास, लग्न नाही. धंदा समुपदेशनाचा. म्हणजे माणसाच्या मनात काही अडकलं असेल तर ते ऐकून घ्यायचं. मी त्याला डॉक्टर म्हणालो तर म्हणाला, "डॉक्टर नाही मी. गोळी देत नाही, सुई देत नाही." मग पैसे कशाचे घेतो, हे मी विचारलं नाही. भाडेकरूचा पहिलाच महिना होता.

दिवसा त्याची खराडीला नोकरी. तिथल्या एका संस्थेत कानाला यंत्र लावून बसायचं आणि कंपन्यांतल्या पोरापोरींचे फोन घ्यायचे. पगार वेळेवर, एसी आहे, कॉफी फुकट. मग संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन हा स्वतःचा धंदा कशाला मांडतो, हे मला कळेना. विचारलं तर म्हणाला, "आबा, तिथं फोनवरचा माणूस गप्प झाला की पडद्यावर लाल खूण येते. आणखी गप्प राहिला की फोन ठेवून पुढचा घ्यायचा. आता माणूस रडायच्या आधी गप्पच होते ना? नेमका तेव्हाच मी फोन ठेवून राहिलो."

म्हणून खोली. या खोलीत येणाऱ्याला गप्प बसायची पूर्ण मुभा. दार बंद झालं की आत दोन माणसं तासभर बसलेली, आणि आवाज फक्त माझ्या पंख्याचा. मी लेथवर असा गप्प बसलो असतो तर फोरमननं घरी पाठवलं असतं.

गजभिये प्रामाणिक मात्र भलता. खराडीला त्यानं आपण होऊन साहेबांना सांगितलं की मी संध्याकाळी अमुक करतो. ते म्हणाले, करा, पण आमच्याकडं फोन करणारा माणूस तुमच्या खोलीत दिसता कामा नये. त्यानं ते इतकं मनावर घेतलं की पाटीवर धंदाच लिहिला नाही. नुसतं 'गजभिये' आणि खाली वेळ. पहिल्या आठवड्यात एक बाई मुलाला गणिताच्या शिकवणीला घालायला आली आणि एक जण विम्याची चौकशी करून गेला. दोघांनाही गजभियेनं आत बसवून नीट ऐकून घेतलं.

खोलीत दोन खुर्च्या. त्यातली त्याची जराशी उंच होती, म्हणून माझ्याकडून करवत नेऊन त्यानं तिचे पाय कापले. मापबिप काही घेतलं नाही. तेव्हापासून ती डुगडुगते. मी म्हणालो, आण, सरळ करून देतो. तर म्हणाला, "राहू द्या. समोरच्याची पक्की आहे ना, झालं."

आता ओट्याचं सांगतो. संध्याकाळी मी ओट्यावर बसतो. फॅक्टरीतले माझे जुने जोडीदार येतात, आम्ही चौघं होतो. ओट्यापुढून जो जाईल त्याला कोणाकडं, कुठून, गाव कुठलं, हे विचारणं आमच्याकडं माणुसकी समजतात. तर एक बाई खोलीच्या दाराशी घुटमळताना दिसल्या. मी म्हणालो, "या ताई, कोणाच्या तुम्ही? सासर इथंच का? मालक कुठं असतात कामाला?" बाईंनी तिथल्या तिथं पत्ता चुकल्याचं सांगितलं. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडून आलो. परत येतो तर गजभिये दारात उभा.

"आबा, त्या तीनदा फोन करून मग आल्या होत्या."

"मग मी काय वाईट बोललो? चहासुद्धा विचारला."

"तुम्ही जरा संध्याकाळी आत बसाल का?"

"ओटा माझा आहे."

पंधरा दिवस हा विषय चालला. तो रोज हात जोडायचा आणि मी रोज ओटा माझा आहे म्हणायचो. शेवटी हिनं निकाल दिला, "अहो, बसा की ओट्यावर. पण तोंड रस्त्याकडं आणि पाठ त्याच्या दाराकडं करून बसा. आणि तोंड मिटून." त्याच्या दाराला बोळातून वाट आहे, लोक तिकडून येऊ लागले. मला दिसत काही नव्हतं. ऐकू मात्र येतं. जन्मभर मशीनच्या आवाजावरून काय बिघडलंय ते ओळखलंय मी, चपला काय चीज आहेत.

माझ्या जोडीदारांनी त्याचं नाव मुका डॉक्टर ठेवलं होतं. तो आला की सुरू.

"सर, आमच्या म्हशीचं मन लागत नाही. बघता का?"

"तिला गप्प बसवायला किती घेता?"

"गप्प बसून पैसे मिळतात तर आमच्या सूनबाईला नोकरी लावा. उपाशी मरेल!"

गजभिये हसायचा, म्हणायचा, "घ्या वेळ, काका," आणि आत जायचा. घ्या वेळ, हे त्याचं कायमचं. दूधवाल्याला, रिक्षावाल्याला, मलासुद्धा. मी एकदा भाडं वाढवायचं म्हणालो, तेव्हाही म्हणाला, घ्या वेळ.

रस्त्यात ओळख टाळायची म्हणून तो समोर जे दुकान असेल त्यात घुसतो. नुसतं घुसून परत येणं त्याला बरं दिसत नाही, म्हणून काहीतरी घेतो. अशी त्यानं आजवर एक घमेलं, कुत्र्याचा पट्टा आणि एक डझन हिरव्या बांगड्या घेतल्या. बांगड्या हिला दिल्या. ही म्हणाली, "सर, पुढच्या वेळी तेलाच्या दुकानासमोर ओळख टाळा."

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नातीचं लग्न झालं. मुलगा म्हणत होता जेवण उभ्यानं, मी म्हणालो, माझ्या नातीच्या लग्नात माणूस बसून जेवेल. पंगत धरली. गजभियेला मी स्वतः हाताला धरून बसवलं, पानात पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, सगळं वाढून झालं. समोरच्या ओळीत माझे तिघे जोडीदार, आपापल्या पोरा-सुनांसह. मी जिलबीचं ताट घेऊन येतोय, तेवढ्यात त्यातल्या एकाचा पोरगा मोठ्यानं म्हणाला, "हेच का हो ते वेड्यांचे डॉक्टर? आमच्यातलं कोण येतं तुमच्याकडं, सांगा तरी!"

ओळ हसली. गजभियेनं पानाला हात जोडले आणि उठला. घास मोडला नव्हता. मी हाक मारली तर मलाही न ओळखता दारातून गेला.

वाढलेल्या पानावरून उठला! माझ्या नातीच्या लग्नात! पाव्हण्यांसमोर मी जिलबीचं ताट धरून तसाच उभा.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय कमी पडलं होतं?"

"काही नाही, आबा."

"त्या पोराचं लागलं? अरे, त्याची अक्कल तेवढीच. रोज ऐकतोस की असलं."

"त्याचं नाही लागलं."

"मग का उठलास?"

तो गप्प. मी म्हटलं, बरं. दोन मिनिटं मीही गप्प बसलो. मग सांगितलं, "ज्याला माझं पान चालत नाही, त्याला माझी खोलीही नको. महिनाअखेरीला रिकामी कर."

त्याचा चेहरा उतरला. पण म्हणाला, "बरं, आबा."

ही नंतर माझ्यावर तुटून पडली. तेव्हा कळलं की खराडीला त्याला मोठी जागा देऊ केली होती. दहा-बारा जणांवर साहेब. अट एकच, संध्याकाळचा उद्योग बंद. महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं होतं आणि तो नाही म्हणायच्या बेतात होता. आता खोलीच नाही म्हटल्यावर हो म्हणणार. "पोरानं एक-एक माणूस जोडून धंदा उभा केला," ही म्हणाली, "आणि तुम्ही एका पुरीसाठी मोडला." मी म्हणालो, पुरीचा प्रश्न नाही. तिनं त्या दिवशी मला चहा दिला नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी ओट्यावर एकटाच, पाठ दाराकडं. माझे जोडीदार रोज सगळे असतातच असं नाही. एक गुडघा शेकायला जातो, एक नातवाला क्लासला सोडतो, एकाचं देवळासमोर कुणाकडं तरी काम असतं. बोळात चपला वाजल्या. डावा पाय किंचित ओढत, मग थांबून घसा साफ केल्याचा आवाज. ती चाल मी फॅक्टरीच्या गेटपासून मशीनपर्यंत तीस वर्षं ऐकलेली. दार उघडलं, लागलं. मग पंख्याचा आवाज. आणि बऱ्याच वेळानं रडण्याचा. म्हातारा माणूस रडतो तेव्हा तो खोकल्यासारखा ऐकू येतो.

मी मान वळवली नाही.

पंगतीत गजभियेच्या बरोबर समोर कोण बसलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. कोणाच्या पोरानं तोंड उघडलं होतं, आणि ओळ हसत असताना कोणाचा हात पुरीवर तसाच राहिला होता, तेही. आणि म्हशीचा विनोद रोज कोण करायचं, तेही. त्या तिघांतला कोण, ते मी इथं लिहिणार नाही. ज्यांना कळलंय असं वाटतं त्यांचं चुकलंय.

तो बोळातून निघून गेल्यावर मी आत गेलो. हिला म्हणालो, पुऱ्या तळ. तिनं कणीक काढली. चौकातून जिलबी मी आणली. ताट वाढून पुढच्या खोलीत नेलं.

गजभिये पुस्तकं खोक्यात भरत होता.

"हे तुझं लग्नातलं पान," मी म्हणालो. "बाकी राहिलंय. बस."

"आबा, मी त्या दिवशी..."

"मी विचारलं का? जेव."

त्याच्या खुर्चीवर पुस्तकं होती, म्हणून तो समोरच्या, पक्क्या खुर्चीवर बसला. डुगडुगतीवरची पुस्तकं खाली ठेवून मी तिच्यावर बसलो. पुरी मोडायला त्यानं वेळ घेतला. मी घेऊ दिला.

"इथं कुणाच्याही लग्नात जेवलो नाही अजून," तो म्हणाला. "बोलावतात. पण कोणीतरी असतेच ना समोर. माझ्याकडं बघून त्याचा घास अडकते. मग मीच उठतो." थोड्या वेळानं म्हणाला, "आई रोज फोनवर विचारते, तिथं कोणी ओळखीचं झालं का रे? काय सांगू? जेवढा धंदा वाढेल, तेवढी माणसं मला कमी होऊन राहिली."

मी काही बोललो नाही. मला काय बोलायचं ते सुचलं नव्हतं, पण ते त्याला सांगितलं नाही. पंखा फिरत होता. त्यानं जिलबीसुद्धा संपवली.

उठताना म्हणालो, "ही खोकी वाटेत ठेवू नको, येणारा अडखळेल."

"पण महिनाअखेरीला..."

"काय आहे महिनाअखेरीला?"

त्यानं खोकी भिंतीकडं सरकवली. मग हळूच म्हणाला, "जयभीम, आबा."

"जयभीम."

खराडीची मोठी जागा त्यानं नाकारली. अर्धाच आठवडा येईन म्हणाला, आणि कुरकुर करून त्यांनी ते मान्य केलं. ओट्यावर मुका डॉक्टर हा शब्द आता निघत नाही. मी एकदा म्हणालो, माझ्या ओट्यावर माझ्या भाडेकरूची चेष्टा नको. तिघंही बघत राहिले. एकानं जरा जास्त वेळ बघितलं.

परवा चौकात गजभिये समोरून आला. माझ्याबरोबर दोघं-तिघं होते. मी जयभीमसाठी हात उचललाच होता. तो तसाच पुढं नेला आणि शेजारच्या गाडीवरची केळी चाचपायला लागलो. गजभिये टायरची पाटी वाचत पलीकडून निघून गेला.

केळी घ्यायची नव्हती. घेतली.