सात मैल उलटे

ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरच्या घरी खोलायचा, दुप्पट ताकदीचा करायचा आणि पुन्हा बसवायचा, हे लोक समजतात तितकं अवघड काम नाही. मी स्वतः केलंय. चार दिवसांत! पुढे काय झालं ते सोडा. म्हणजे सोडू नका, तेच तर सांगायला बसलोय.

आमच्या नेब्रास्कात बापाचं नाव नंतर विचारतात, ट्रक कुठला ते आधी. जिल्ह्याच्या जत्रेत शेवटच्या शनिवारी ट्रकांची ओढ असते. मागे वजनाची लोखंडी घसरगाडी बांधायची आणि सोडायचं. जो लांब ओढेल तो जिंकला. गेल्या वर्षी माझा डिझेल पिकअप दोनशे सव्वीस फुटांवर बसला. इंजिन डरकाळ्या फोडत होतं, पण गिअरबॉक्स घसरत होता आणि ताकद चाकांपर्यंत पोचतच नव्हती. माझा मेहुणा रॉडनी माझ्यापुढे तीस फूट गेला. तेव्हापासून थँक्सगिव्हिंगच्या टर्कीपासून ईस्टरच्या हॅमपर्यंत प्रत्येक जेवणाला त्याचं एकच वाक्य, "दाजी, तुमचा ट्रक ओरडतो फार, ओढतो कमी."

म्हणून यंदा मी जाड क्लचप्लेटा, कडक स्प्रिंगा आणि नव्या रबरी रिंगा असा अख्खा संच टपालाने मागवला. खोका आला तो नेमका जत्रेच्या आधीच्या शनिवारी. मी तो लहान मुलासारखा दारातच फोडला.

"बाबा, बुधवारी सकाळी नऊला बिस्किटचं वजन आहे," माझी मुलगी टेसा म्हणाली.

बिस्किट हा तिचा बैल. दीड वर्ष तिने त्याला पहाटे उठून चारलं, धुतलं, पंख्यासमोर उभं करून विंचरलं. मला कोणी इतकं विंचरलेलं नाही. नऊच्या ठोक्याला वजनकाट्याचं फाटक बंद होतं. त्यानंतर आलेला बैल यंदा रिंगणात नाही, आणि पुढच्या वर्षी वयात बसत नाही. म्हणजे दीड वर्ष पाण्यात.

"ट्रक लागणार आहे, बाबा."

"मिळेल की! दुप्पट ताकदीचा मिळेल."

"मला एकपट पुरे. फक्त चालू हवा."

"रॉडनीमामाला विचारून ठेवू का?" असंही ती म्हणाली, पण रॉडनीचं नाव ऐकून मी तोवर ट्रकखाली शिरलो होतो.

रविवार संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स खाली उतरला आणि शेडभर लाल तेल झालं. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: जुळणी अत्यंत स्वच्छ जागी करावी, धुळीचा कणही चालणार नाही. आमच्या शेडमध्ये धुळीचा कण नाही, अख्खं शेत येतं. घरात स्वच्छ जागा एकच, स्वयंपाकघरातलं टेबल. त्यावर माझी बायको मार्ला जत्रेच्या स्पर्धेसाठी बीटाचं लोणचं बरण्यांत भरत होती. तिच्या आजीच्या बरण्या, काचेचं झाकण, तारेची कडी आणि मध्ये काळी रबरी रिंग.

मार्लाने लाटणं उचलून टेबलावर आडवं ठेवलं. "या बाजूला तू. या बाजूला मी. तुझा एकही थेंब इकडे आला तर तू जेवायला शेडमध्ये."

दोन दिवस आम्ही फार गुण्यागोविंदाने काम केलं. खरं सांगतो, लग्नाला अठरा वर्षं झाली, पण इतका वेळ एका टेबलाशी आम्ही कधी बसलो नव्हतो. मी प्लेटा रचत होतो, ती बीट रचत होती. मधूनच ती माझ्या तोंडात कोलाचीचा, म्हणजे जाम भरलेल्या गोड पावाचा, तुकडा कोंबायची, कारण माझे हात तेलात असायचे.

सोमवारी दुपारी पुढच्या गिअरच्या क्लचची रिंग बसेना. कडक होती. पत्रक म्हणालं, गरम पाण्यात मऊ करा. मार्लाच्या पातेल्यात तिच्या सहा रिंगा गरम होतच होत्या.

"एक माझीही टाक ना."

"धुतलीस का?"

"कोरी आहे गं, तुझ्या बीटापेक्षा स्वच्छ."

तिने टाकली. दहा मिनिटांनी मी झाऱ्याने वरची एक उचलली आणि बसवली. जरा सैल वाटली. म्हटलं, गरम पाण्याने मऊ झाली असेल. त्याचसाठी तर टाकली होती! टेबलाच्या पलीकडे मार्ला एका बरणीची कडी दोन्ही अंगठ्यांनी दाबत होती.

"या सालच्या रिंगा भलत्याच कडक आहेत," ती म्हणाली. शेवटी तिने बरणी गुडघ्यांत धरली तेव्हा कुठे कडी बसली.

मंगळवारी संध्याकाळी गिअरबॉक्स ट्रकला चढला. किल्ली फिरवली, रिव्हर्स टाकला आणि काय सांगू! ट्रक शेडमधून असा उसळून बाहेर आला की खडीचे दोन चर पडले आणि मार्लाच्या कोंबड्या छपरावर गेल्या. अशी ओढ मी जन्मात अनुभवली नव्हती. ऊर भरून आला. ट्रक तिथेच अंगणात बंद केला आणि रॉडनीला फोन लावला.

"शनिवारी रुमाल घेऊन ये, डोळे पुसायला."

"कोणाचे, दाजी?"

बुधवारी आठ वाजता मी रुबाबात ट्रक रिव्हर्स घेऊन ट्रेलरला लावला. बिस्किट आत चढला. टेसा माझ्या शेजारी बसली, पांढरा शर्ट, पाठीवर स्पर्धेचा नंबर. मार्ला मागे बरण्यांचं खोकं मांडीवर घेऊन. मी पुढचा गिअर टाकला आणि पाय दाबला.

इंजिन गर्जलं. ट्रक जागचा हलला नाही.

पहिला टाकला. दुसरा टाकला. न्यूट्रल आणि पुढचा यांत काडीचा फरक नव्हता. रिव्हर्स टाकला तर ट्रेलरच मागे ढकलला गेला आणि बिस्किट हंबरला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा ट्रक गिअरबॉक्स बसवल्यापासून एकदाही पुढे गेलेला नाही. मी तो पुढे नेऊनच पाहिला नव्हता.

  टेसाने हात मागे नेऊन पाठीवरच्या नंबराची पिन पुन्हा नीट केली, जी आधीच नीट होती.  मला फार वाईट वाटलं.

मग मी नाक मुठीत धरून रॉडनीला फोन केला.

"दाजी, मी डुकरं घेऊन सहालाच आलोय. माझ्या मागे चाळीस ट्रेलर अडकलेत. हललो तर हेलिकॉप्टरने. काय झालं, ट्रक ओरडत नाही का?"

मार्लाने बरण्या खाली ठेवल्या. "डेल, पुढच्या बंपरला हूक आहे ना?"

होता. मला ट्रेलर सरळ मागे घेता येत नाही, हे तिचं अठरा वर्षांचं मत. म्हणूनच ट्रेलर गोठ्यात ढकलायला तिने तो पुढे बसवून घेतला होता. आता कसं न्यायचं ते माझ्या लक्षात आलं. ट्रेलर पुढच्या बंपरला बांधायचा आणि ट्रक उलटा चालवत त्याला ओढायचा. सात मैल. जो माणूस अंगणात दहा फूट सरळ मागे जाऊ शकत नाही, त्याने.

ट्रेलर सोडून, ट्रक अंगणाच्या उतारावर पुढे ढकलत आणि मागे घेत फिरवला आणि आठ वाजून एकवीस मिनिटांनी आम्ही निघालो. मागच्या हौद्यात मार्ला उभी, केबिनच्या छपरावर थापा मारत. एक थाप डावीकडे, दोन उजवीकडे आणि थापांचा पाऊस पडला की ब्रेक. मी मान मोडेपर्यंत मागे वळलेलो. समोरच्या काचेतून, ट्रेलरच्या गजांमधून बिस्किट एकटक माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी टेसाच्या डोळ्यांत बघायला धजलो नसतो.

आमच्याकडे रस्त्यात गाडी भेटली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून राम राम करायचा असतो. न करणारा माणूस शिष्ट समजला जातो. त्या सकाळी सबंध जिल्हा जत्रेला निघालेला. प्रत्येकाने बोट उचललं. एकानेही विचारलं नाही की डेल, तू उलटा का चाललायस? सभ्य माणसं! मीही प्रत्येकाला बोट उचललं, फक्त ते कोणाला दिसलं ते देव जाणे, कारण मी पाठमोरा होतो.

गिरणीजवळच्या वळणावर दोन थापांऐवजी मार्लाने चार मारल्या आणि आम्ही मक्यात शिरलो. बाहेरही आलो, कारण ताकद दुप्पट होती. ती नाकारता येत नाही.

"बाबा, आठ छप्पन्न," टेसा म्हणाली.

मी पाय तळापर्यंत दाबला. जत्रेच्या फाटकातून आम्ही उलटे, चाळीस मैलांच्या वेगाने, शेपटाला मका लावून आत आलो. टेसा ट्रक थांबायच्या आत उतरली, बिस्किटचा दोर धरला आणि पळत सुटली. काट्यावरच्या माणसाने हातातली फाटकाची साखळी तशीच धरून ठेवली.

"तेराशे बारा पौंड," तो ओरडला. "घेतला!"

टेसाने लांबूनच माझ्याकडे पाहिलं आणि हसली. दीड वर्षाचं हसू होतं ते. मी सरळ ट्रकच्या पायरीवर बसलो. मग ती जवळ येऊन म्हणाली, "थँक्यू, बाबा. घरी मात्र मी रॉडनीमामाबरोबर येईन."

दुपारी मार्लाने मला प्रदर्शनाच्या मंडपात ओढत नेलं. बीटाच्या लोणच्याला पहिला नंबर! निळी फीत आणि खाली परीक्षक बाईंच्या हातचा शेरा: "पाच बरण्यांची चव उत्तम. सहावी आम्हा तिघींना मिळून उघडता आली नाही. असं हवाबंद झाकण वीस वर्षांत पाहिलं नाही."

मी वाकून पाहिलं. काचेच्या झाकणाखालून काळ्या रिंगची कड डोकावत होती आणि तिच्यावर बारीक अक्षरांत माझ्या संचाचा नंबर छापलेला होता. म्हणजे माझ्या गिअरबॉक्समध्ये बीटाची रिंग बसली होती. तेलाचा दाब ती काय धरणार! आणि इथे माझी शहाणी रिंग लोणचं धरून बसली होती.

मी मार्लाला ती दाखवली आणि हात पुढे केला. मार्लाने तो वरच्या वर पकडला.

"रविवारपर्यंत बक्षिसाला हात लावायचा नाही. नियम आहे."

"अगं, शनिवारी ओढ आहे!"

"गिअरबॉक्समधली बीटाची काढून दे," ती म्हणाली, "ती माझी आहे."

शनिवारी मी प्रेक्षकांत बसलो. रॉडनी तीनशे चार फूट गेला. त्याने मला तिथून रुमाल दाखवला.

रविवारी बरणी घरी आली. आता दोन महिने झाले, ती अजून उघडत नाही. गरम पाणी झालं, सुरी झाली, तेल झालं. आजीची बरणी, तेव्हा फोडायला मार्लाची परवानगी नाही. ती सुटी रिंग कुठे मिळतही नाही. ट्रक शेडमध्ये उभा आहे आणि शेजारी फळीवर बरणी. काल रॉडनीने येऊन दोन्ही पाहिलं.

"दाजी," तो म्हणाला, "झाकणाला साखळी बांधून माझ्या ट्रकने ओढून बघू का?"

मी हो म्हटलंय.