गोलकीपरला दहापैकी एक

समजा, तुम्ही केस कापायला खुर्चीत बसला आहात. गळ्याभोवती पांढरं कापड, मान खाली, कानामागे कात्री कुरकुरते आहे. आता हळूच वर बघा. समोर आरसा आहे, म्हणजे तुमचा चेहरा दिसायला हवा. पण तुमच्या कपाळावर लिहिलंय, ‘सुतार – साडेसहा’. नाकावरून आडवा गेलाय ‘भाजीवाला – सात’. आणि हनुवटीच्या खाली कोणा बिचाऱ्याला मिळालेत तीन!

भिंगरीच्या बाबांच्या सलूनमध्ये फुटबॉलचा सामना झाला की हे असंच व्हायचं. दाढीच्या फेसात बोट बुडवून बाबा आरशावर खेळाडूंचे मार्क लिहायचे, आणि पुढचे काही दिवस गिऱ्हाइकांनी आपापलं तोंड त्या आकड्यांच्या फटींतून शोधायचं. कोणी तक्रार करत नसे. सगळा मोहल्लाच त्या संघामागे वेडा होता. संघात सुतार होता, भाजीवाला होता, वायरमन होता, आणि गोलात उभा राहायचा भिंगरीचा सख्खा मामा. मामा शिंपी होता. संघाचे शर्ट त्यानंच शिवले होते.

मार्क देणारी मंडळी ठरलेली. भिंगरीचे बाबा, पोस्टमन, बेकरीवाला आणि शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. बाईंना पूर्णांक आवडत नसत. “सहा काय, सहा? सव्वासहा म्हणा. काहीतरी विचार केल्यासारखं वाटतं,” असं त्या म्हणायच्या.

या मार्कांना भलतंच वजन होतं. संघाच्या कोचला कोणाशी वाईटपणा घ्यायला आवडत नसे, म्हणून त्यानं एक नियम करून टाकला होता. आरशावर ज्याचे मार्क सगळ्यांत कमी, तो पुढच्या सामन्यात बाकावर. कोणी रुसलंच तर कोच हात वर करायचा, “मला काय विचारता? आरशाला विचारा.”

त्या दिवशी हरणारा घरी जाणार आणि जिंकणारा फायनल खेळणार, असा सामना होता. संघ फायनलला कधी म्हणून पोचला नव्हता. मध्यंतराला दोन्हीकडे एकेक गोल होता. आपल्यावर झालेला गोल मामाच्या दोन पायांमधून गेला होता, तोही अगदी सावकाश, वाट विचारत गेल्यासारखा.

मध्यंतरात या चौघांनी पहिल्या भागाचे मार्क काढायला घेतले आणि तिथेच गाडी अडली.

“शिंप्याला तीन,” बेकरीवाला म्हणाला.

“सव्वातीन,” बाई म्हणाल्या.

“सव्वा कशाबद्दल?”

“शर्ट छान शिवलेत.”

“बाई, आपण गोलकीपरला मार्क देतोय, शिंप्याला नाही!”

“तो माझा मेहुणा आहे, म्हणून मी काही बोलत नाही,” बाबा म्हणाले, “पण मला विचाराल तर अडीच.”

मग जे काही पेटलं! चौघं कोंडाळं करून उभे राहिले, तोंडं आत आणि पाठी मैदानाकडे. शिट्टी झाली, खेळ सुरू झाला, तरी यांचा पाव मार्क काही सुटेना.

भिंगरी मात्र कुंपणाच्या भिंतीवर बसून सगळं बघत होती. घसरून बॉल मारायला गेलेल्या वायरमनची चड्डी टर्रकन फाटली, आणि तो कमरेला टॉवेल गुंडाळून बाकावर जाऊन बसला, हे तिनं पाहिलं. संघ एका गड्यानं कमी झाला. शेवटी शेवटी समोरचा संघ नुसता अंगावर येत होता. मामाच्या हाताला बॉल लागला, त्यानं घाईघाईनं जिवाच्या आकांतानं लाथ मारली, आणि बॉल जो उडाला तो सगळ्यांच्या डोक्यावरून गेला, पलीकडच्या गोलकीपरच्या पुढ्यात टप्पा खाऊन त्याच्याही डोक्यावरून गेला आणि जाळ्यात जाऊन बसला. “कीपर! कीपर!” लोक बेभान ओरडत होते. लगेच शिट्टी झाली. संघ फायनलला!

चौघं दचकून वळले, तोवर सगळं मैदान माणसांनी भरून गेलं होतं. कोणालाच काही दिसेना.

आता सरळ कोणाला तरी विचारायचं, “अहो, गोल कोणी मारला?” पण साऱ्या मोहल्ल्याला मार्क देणारी ही माणसं! त्यांनी हे विचारायचं कसं? खेळाडू सलूनमध्ये यायच्या आत आरसा भरलेला असायला हवा, हा यांचा शिरस्ता. चौघंही भराभर सलूनकडे निघाले. प्रत्येकाला वाटत होतं, आपण नाही पाहिलं, पण बाकीच्या तिघांनी पाहिलं असणार.

“काय गोल होता तो शेवटचा!” सलूनमध्ये शिरताच पोस्टमननं खडा टाकून पाहिला.

“गोल म्हणजे... गोलच होता,” बेकरीवाला म्हणाला.

“असा गोल मी तरी पाहिलेला नाही,” बाई म्हणाल्या. हे मात्र अगदी खरं होतं.

बाबांनी फेसात बोट बुडवलं. “मग वायरमनला किती देऊ?”

बाबांनी हे नुसतं अंदाजानं म्हटलं होतं. गोल मारायचं काम वायरमनचं, म्हणजे त्यानंच मारला असणार. पण बाकीच्यांना वाटलं, चला, यांनी पाहिलाय!

“उजवीकडून काय कापत आला!” पोस्टमनला एकदम जोर चढला.

“आणि तो वेग!” बेकरीवाला म्हणाला.

“दहा द्या,” बाई म्हणाल्या. बाईंनी पूर्णांक दिलेला बघून बाबांनी बोट पुन्हा एकदा फेसात बुडवलं.

कोपऱ्यात गृहपाठाची वही उघडून बसलेल्या भिंगरीला आधी वाटलं, मोठी माणसं चेष्टा करताहेत. ती खुदकन हसलीसुद्धा. पण बाबांनी खरोखरच आरशावर लिहिलं, ‘वायरमन – १०’.

“बाबा, पण वायरमनकाका तर—”

“भिंगरी, मार्क देताना मध्ये बोलायचं नाही.”

“आणि शिंपी?” बेकरीवाल्यानं विचारलं.

पोस्टमन विचारात पडला. “लोक शेवटी ‘कीपर, कीपर’ म्हणून कोकलत होते. म्हणजे त्यानं पुन्हा काहीतरी दिवे लावले असणार. म्हणजे लावलेच. मी पाहिलं ना!”

“पाहिलं ना मीपण,” बेकरीवाला घाईनं म्हणाला.

“मेहुणा आहे म्हणून मी काही बोलत नाही,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं, ‘शिंपी – १’.

भिंगरीनं वही मिटली. सगळ्यांत कमी! म्हणजे मामा फायनलला बाकावर. मामानं गेल्या कित्येक रात्री मशीनवर मान मोडून फायनलसाठी नवा शर्ट शिवला होता. पाठीवर मोठ्ठा एकचा आकडा लावून तो तिला घालूनही दाखवला होता. “फायनल झाली की हा तुला,” असं म्हणाला होता.

एवढ्यात मामा आलाच. काखेत बॉल, गुडघ्यांना चिखल, चेहरा लाल. त्यानं आरशाकडे पाहिलं आणि तो जागच्या जागी उभा राहिला. आता हा भडकणार, म्हणून चौघं सावरून बसले. पण मामानं हळूच मान हलवली.

“एक,” तो म्हणाला. “मानलं भावजी तुम्हाला. लोक मला खांद्यावर घेऊन नाचत होते, पण मला आतून खात होतं. म्हटलं, कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. आणि तुम्ही बरोबर पकडलंत!”

“आमच्या नजरेतून काही सुटत नाही,” पोस्टमन म्हणाला, पण ‘खांद्यावर’ हा शब्द ऐकून त्यानं बेकरीवाल्याकडे चोरून पाहिलं.

“मला तसं मारायचंच नव्हतं हो. मला फक्त—”

“पुरे, पुरे,” बाबांनी त्याला घाईघाईनं थांबवलं. “आम्हाला नको सांगूस. आम्ही तिथेच होतो.”

पाठोपाठ कोच आला. रोजच्यासारखा खुर्चीत बसला, मान मागे टाकली आणि आकड्यांवरून नजर फिरवली. शेवटच्या ओळीवर ती थांबली.

“अरेरे. शिंप्या, मला वाईट वाटतंय रे. पण आरसा म्हणतोय तर...”

“आरसा बरोबरच म्हणतोय,” मामा म्हणाला. “नवा शर्ट राखीव कीपरला देतो. थोडा सैल होईल, पण दोन टाके घातले की बसेल.”

हे ऐकलं आणि भिंगरीला राहवेना. पण बाबांना सगळ्यांसमोर खोटं कसं पाडायचं? ती उठली आणि अगदी साळसूदपणे म्हणाली, “काका, शाळेत मला चित्र काढायचंय शेवटच्या गोलचं. वायरमनकाका नेमके कुठे होते हो तेव्हा?”

“उजवीकडे,” पोस्टमन म्हणाला.

“डावीकडे,” त्याच क्षणी बेकरीवाला म्हणाला.

“मधोमध,” बाबा म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांनी बाईंकडे पाहिलं. बाई चष्मा पुसायला लागल्या.

आणि दारात वायरमन! पाय फाकवून, एकेक पाऊल जपून टाकत, तोंडानं “आई गं, स्स्स” करत.

“या, या, दहापैकी दहा!” कोच म्हणाला.

“कोण, मी?” वायरमननं आरसा वाचला. “कशाबद्दल? बाकावर बसल्याबद्दल? चड्डी फाटली तेव्हापासून टॉवेल गुंडाळून बसलोय. या पिना बघा किती टोचताहेत! गोल कोणी मारला तेसुद्धा मला दिसलं नाही.”

बाबांनी फेसाची वाटी हळूच खाली ठेवली.

“म्हणजे तुम्ही कोणीच...?” मामानं चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “अहो, मग मला एक कशाचा दिलात?”

“आम्ही जरा... पाव मार्काच्या चर्चेत होतो,” बाबा पुटपुटले.

“शोभतं का हे?” बाई म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपणही त्यांच्यातच आहोत, आणि त्या पुन्हा चष्मा पुसायला लागल्या.

“असे मार्क देता होय!” कोच खुर्चीतून अर्धा उठला. “मी इथे डोळे झाकून विश्वास ठेवतो तुमच्यावर!”

“पण कोच, तुम्ही तर मैदानातच होतात,” बेकरीवाला म्हणाला. “तुम्हीच सांगा, गोल कोणी मारला?”

कोच पुन्हा खाली बसला. खाकरला. “मी पिना लावत होतो. याला. पाठ होती माझी मैदानाकडे.”

“आणि राखीव खेळाडू?”

“त्याला पिना आणायला पाठवला होता.”

आता कोणालाच कोणावर रागावता येईना. आधी मामा फिस्सकन हसला, मग वायरमन, पण त्याला पिना टोचल्या म्हणून तो थांबला. शेवटी बाबाही हसले आणि त्यांनी ओल्या फडक्यानं आरसा लख्ख पुसून काढला. आरशात सगळ्यांची तोंडं दिसायला लागली आणि त्या सगळ्या तोंडांच्या मागे भिंगरीचं.

“तू पाहिलास ना गं सामना?” बाबांनी विचारलं.

“सगळा,” भिंगरी म्हणाली.

मामानं तिला उचलून खुर्चीवर उभं केलं आणि बाबांनी फेसाची वाटी तिच्यापुढे धरली. भिंगरीनं मामाचा गोल पहिल्यापासून सांगितला, हातवाऱ्यांसकट, टप्प्यासकट. ऐकताना बेकरीवाल्यानं तीनदा टाळ्या वाजवल्या. मग ती लिहायला लागली. सुताराला सात. भाजीवाल्याला साडेसात. वायरमनला पाच, कारण तो अर्धाच सामना खेळला. मामाला आठ.

“आठ?” मामा ओशाळून म्हणाला. “अगं, मला बॉल नुसता मैदानाबाहेर घालवायचा होता. आत गेला तो चुकून!”

“म्हणूनच दोन कापले.”

पण वायरमनचा चेहरा पडला होता. पाच म्हणजे सगळ्यांत कमी. “म्हणजे फायनलला मी बाकावर?” तो हळूच म्हणाला. नियम तो नियम.

भिंगरीनं त्याच्याकडे पाहिलं. थोडा विचार केला. मग पुन्हा बोट बुडवून तिनं सगळ्यांत खाली लिहिलं, ‘कोचकाका – ०’.

“मला?” कोच ओरडला.

“तुम्ही सामना बघितलाच नाहीत ना! सगळ्यांत कमी तुम्हाला. फायनलला तुम्ही बाकावर बसायचं.”

कोचनं आरशाकडे पाहिलं आणि सवयीनं हात वर केले. बाई म्हणाल्या, “बरोबर आहे. आणि ते तसेही तिथेच बसतात.” एवढा मोठा हशा उठला, की रस्त्यावरून जाणारी माणसं आत डोकावली.

त्या गलक्यात भिंगरी खुर्चीवरून खाली उतरली. बोटाचा फेस तिनं फ्रॉकला पुसला आणि मामाच्या काखेतला बॉल काढून घेतला.

“चल, मामा.”

“आता कुठे?”

“मैदानावर. अजून उजेड आहे,” भिंगरी त्याचा हात ओढत म्हणाली. “बॉल बाहेर कसा मारायचा ते शिकवते तुला.”