घंटा कुणी द्यायची?

परीक्षा सुरू होण्याची घंटा शिपाईकाकांनीच दिली आणि धापा टाकत आपल्या बाकावर परीक्षार्थी म्हणून येऊन बसले. प्रौढांच्या दहावीला त्यांची ही तिसरी खेप. गणित सुटलं तर प्रयोगशाळेत बढती, नाहीतर निवृत्तीपर्यंत हातात हातोडी.

पण चकवा लागल्यासारखे ते एकाच समीकरणाभोवती फिरत राहिले. पाच गुणांचं उदाहरण अर्धवट, आणि भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले. बावीस वर्षांत घंटा मिनिटभरही चुकली नव्हती. काका आपसूक उभे राहिले.

"पुरवणी हवीय का, काका?" पर्यवेक्षक बाईंनी विचारलं. त्या नवीनच होत्या.

"नाही बाई. पेपर संपला. घंटा द्यायचीय."

"तुम्ही? आज तर क्लार्क देणार होते ना?"

"मोठ्या बाई मीटिंगला जाताना तसंच म्हणाल्या. क्लार्क म्हणाले, काका आहेतच की शाळेत! आणि गेले जेवायला."

बाई गोंधळल्या. "बाहेर गेलात तर पेपर जमा करावा लागेल. आणि घंटा झाल्याशिवाय मला पेपर गोळा करता येत नाहीत."

"मग मी काय करू?"

बाईंनी नियमांचं पत्रक उलटसुलट वाचलं. शिपायाने काय करावं ते त्यात होतं, परीक्षार्थ्याने काय करावं तेही होतं. दोघे एकच निघाले तर काय, ते कुठेच नव्हतं.

"अहो भाऊ, बसा की गपगुमान!" मागून भाजीवाल्या मावशी कुजबुजल्या. "माझं वर्तुळ अजून उघडंच आहे!"

काका बसले. मन घंटेपाशी, पेन समीकरणापाशी. घड्याळाची टिकटिक छळत होती; कान मिटता आले असते तर मिटले असते. अकराव्या मिनिटाला मात्र हरवलेलं कोकरू आपल्या पायांनी दारात येऊन उभं राहावं, तसा 'क्ष' सापडला. पेपर बाईंच्या हाती देऊन काका धावले आणि घंटेवर असे टोल हाणले की पारवे उडाले.

निकाल लागला. सतराच्या सतरा पास! काका बरोब्बर पस्तीस.

खात्याचे साहेब वही उघडून चौकशीला आले. "इतर केंद्रांवर निम्मेही सुटत नाहीत. प्रौढांच्या यशाचं कारण काय? शिकवणी, घरचा पाठिंबा, जिद्द?"

"ते असतंच हो," मोठ्या बाई खुर्चीत ताठ झाल्या. "पण आमचं खरं कारण लिहून घ्या, वक्तशीरपणा! विचारा हवं तर आमच्या काकांना."

पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"उत्तम! सगळ्या केंद्रांना आजच कळवतो," साहेब म्हणाले.

"कळवा साहेब," काका चाचरले, "पण घाई करू नका."