हरवलेली खुर्ची आणि एक्केचाळीस मेहुणे

एक्केचाळीस अर्ज आले होते आणि एक्केचाळीसही जण नगरपालिकेतल्या कुणाचे ना कुणाचे मेहुणे, भाचे नाहीतर व्याही निघाले. बर्निस झालेव्स्कीने शेवटचा अर्ज बाजूला ठेवला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

पोर्ट मर्सर शहराला मुख्य दक्षता अधिकारी नेमायचा होता. नगरपालिकेत कोण काय खातं, कुणाला काय चारतं, याचा छडा लावणारा, अनुभवी आणि कुणाच्याही नात्यात नसलेला माणूस. मतदारांनी तसा ठरावच केला होता. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत नेमणूक झाली नाही, तर सोमवारपासून राज्य सरकार आपली माणसं पाठवणार होतं, आणि ती आल्या आल्या पहिल्यांदा नोकरभरतीचं खातं गुंडाळणार होती. बर्निस त्याच खात्याची प्रमुख होती. पेन्शनला सोळा महिने उरले होते.

महापौर सॅल बेव्हिलाक्वा आणि बर्निस शाळेत एका बाकावर बसलेले. तो तिच्या टेबलाच्या कडेवर टेकला. "बर्नी, या गावात आपल्या नात्यात नसलेला माणूस मिळायचा नाही. बाहेरचा बघ."

"बघितलाय. ऑरिन हाल्वोर्सन. नॉर्थ डकोटाचा. चाळीस वर्षं लोकांची हिशेबाची दप्तरं तपासली, आता रिटायर झालाय. शुक्रवारी सकाळी मुलाखतीला येतोय."

"तिकडे आपलं कुणी आहे?"

"तिकडे कुणीच नाहीये, सॅल. नुसता गहू आहे."

गुरुवारी रात्री तळ्याकडून वारा सुटला आणि शहरावर दोन फूट बर्फ पडला. बर्निस सिटी हॉलच्या मागच्याच गल्लीत राहायची. शुक्रवारी पहाटे तिने दुखऱ्या गुडघ्यावर पट्टा बांधला, दीड तास फावडं चालवलं आणि घरासमोर गाडीपुरती जागा मोकळी केली. मुलाखतीसाठी डोनट आणायला ती गाडी घेऊन निघाली, आणि जाताना गावच्या रिवाजाप्रमाणे त्या जागेत खुर्ची ठेवून गेली. ज्याने बर्फ उपसला, जागा त्याची; आणि खुर्ची हीच त्याची सही. कायद्याने रस्ता सगळ्यांचा आहे, अशी जागा अडवली तर दंड आहे, हे पोर्ट मर्सरमध्ये लहान मूलही जाणतं. तरी चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या खुर्चीला कुणी हात लावल्याचं ऐकिवात नव्हतं. एकाने लावला होता म्हणतात. तो दुसऱ्या राज्यात राहायला गेला.

बर्निस परत आली तर खुर्ची गायब. तिच्या जागेत एक राखाडी गाडी आरामात उभी. बर्निसच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. तिने चार गल्ल्या सोडून गाडी लावली, डोनटचा खोका छातीशी धरून गुडघाभर बर्फ तुडवला आणि त्या गाडीवाल्याला कोणकोणत्या शब्दांनी संबोधायचं याची मनाशी उजळणी करत सिटी हॉलमध्ये शिरली.

समोरच, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीपाशी, तिची खुर्ची उभी होती. शेजारी टोपी हातात घेतलेले एक उंच, वाळके गृहस्थ. खिडकीतल्या थेल्माला ते अत्यंत नम्रपणे म्हणत होते, "अहो, चांगली भक्कम खुर्ची आहे. भर रस्त्यात पडली होती. कुणीतरी शोधत असेल बिचारं. मला फक्त जमा केल्याची पावती द्या. नाव लिहा, ऑरिन हाल्वोर्सन."

बर्निसच्या तोंडातले सगळे शब्द जागच्या जागी गोठले. हाल्वोर्सन पावती घेऊन वरच्या मजल्यावर गेले, तशी थेल्मा खिडकीतून अर्धी बाहेर आली.

"बर्निस, ही तुझी खुर्ची ना गं? ही हिरवी गादी मी ओळखते."

"हळू बोल, माझे आई!"

"मग घेऊन जा की. या फॉर्मवर सही कर. नाव, पत्ता, वस्तू कुठे हरवली."

"आणि काय लिहू? सार्वजनिक रस्ता अडवायला ठेवली होती?"

"तेही खरंच." थेल्माने खुर्ची उलटी केली आणि आवाज आणखी खाली नेला. "आणि हे बघितलंस का?"

बुडाला नगरपालिकेचा पितळी बिल्ला होता. अकरा वर्षांपूर्वी सभागृहात नव्या खुर्च्या आल्या तेव्हा जुन्या मोडीत काढल्या होत्या. मोडीत जायच्या आधी त्यातली एक बर्निसच्या घरी गेली. तेव्हा ते काही वावगं वाटलं नव्हतं. बाकीच्याही कुणाच्या ना कुणाच्या घरीच गेल्या होत्या. आता मात्र तिने खुर्ची घाईघाईने सुलटी केली.

मुलाखतीत सॅलने सवयीने पहिला प्रश्न विचारला, "चर्च कुठलं तुमचं?" या गावात त्याशिवाय कुणाशी बोलायला सुरुवातच होत नाही.

"लूथरन. पण आमच्या गावात चर्च एकच, त्यामुळे कुठलं असं कुणी विचारत नाही."

बर्निसने डोनटचा खोका पुढे केला. हाल्वोर्सन यांनी तो प्रेमाने मागे सारला. "नेमणूक होईपर्यंत नको. लाच होईल." त्यांनी खिशातून वही काढली. "तुम्ही विचारण्याआधी मी एक विचारू? ती खुर्ची रस्त्यात का होती?"

बर्निस डोनटचा खोका बंद करण्यात गुंतली.

"वाऱ्याने उडून आली असेल," सॅल म्हणाला.

"ती चारही पायांवर उभी होती."

"आमच्याकडचा वारा तसा व्यवस्थित असतो."

हाल्वोर्सन यांनी ते लिहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, हीच पंचाईत होती. नुसतं निर्मळ कुतूहल होतं. त्यांच्या गावी प्रत्येकाच्या अंगणात दहा गाड्या मावतात. रस्त्यात खुर्ची ठेवायचं कारणच तिथे कुणाला पडत नाही. मुलाखत झाली, निर्णय दुपारनंतर कळवतो असं सांगून सॅलने वेळ मारून नेली, आणि हाल्वोर्सन मधल्या वेळात थेल्माकडून खुर्ची उसनी घेऊन एकेका खात्यात विचारत फिरले. अग्निशमन दलाचा प्रमुख म्हणाला, म्हाताऱ्या माणसांना चालता चालता टेकायला. बागखात्यातून कळलं, पक्षी मोजायला. पाणीखात्याने ही बाब आपल्याकडे येत नाही असं सांगितलं. ज्यांच्या स्वतःच्या खुर्च्या त्या क्षणी आपापल्या दारात बर्फात उभ्या होत्या ती ही माणसं. खरं सांगणार कसं? हाल्वोर्सन प्रत्येकाचे आभार मानत, खुर्ची उलटी करत, बिल्ला दाखवत आणि विचारत, "आणि ही नगरपालिकेची वस्तू घराबाहेर गेली कशी असेल, काही कल्पना?"

बिल्ला बघितल्यावर प्रत्येकाला आपापलं तळघर आठवू लागलं.

दीड वाजता पाणीखात्याचा एक जण शिडी घेऊन आला. "रस्त्यात सापडली," तो थेल्माची नजर चुकवत म्हणाला. मग कॉफीचं मोठं भांडं सापडलं. मग बर्फ उडवायची दोन यंत्रं, रस्ता बंद करायचे अर्धा डझन शंकू, बंबाचं नळकांडं. अडीच वाजता दोघांनी मिळून एक अख्खा सिग्नलचा दिवा उचलून आणला. तो म्हणे झुडपात पडला होता. थेल्माचं पावतीपुस्तक संपलं. रांग दाराबाहेर गेली.

सॅल धापा टाकत बर्निसच्या खोलीत आला. "अगं, हा माणूस अजून नोकरीला लागलेला नाही आणि निम्मं शहर परत आलंय! मी स्वतः आत्ता बागेतला बाक पाठवला, माझ्या तळघरातला. लागला तर काय करील? नाही म्हणून टाक त्याला."

"नाही म्हटलं तर सोमवारी राज्याची माणसं येतील. आणि हा ती वही घेऊन मोकळा घरी जाईल."

"मग त्या खुर्चीचा मालक तरी शोध! एकदा ती कुणीतरी नेली की याचं तोंड बंद होईल. कोण गाढव आहे ते?"

"मी," बर्निस म्हणाली.

सॅलने तिच्याकडे बघितलं, खोक्यातला एक डोनट उचलला आणि निघून गेला.

बर्निस बराच वेळ तशीच बसून राहिली. तिला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. एकोणतीस वर्षं तिने या इमारतीत माणसं नेमली. कुणाचा मुलगा, कुणाची सून, सगळं बघून नेमली. पहिल्यांदाच कुणाचाही कुणी नसलेला, नुसता लायक माणूस समोर आला होता आणि तिच्याच खुर्चीपायी तो हातचा जाणार होता. चार वाजता ती उठली.

हाल्वोर्सन खिडकीजवळ, सिग्नलच्या दिव्याशेजारी, घरून आणलेलं सँडविच खात बसले होते. बर्निसने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बर्फ, फावडं, रिवाज, बिल्ला, मोडीतल्या खुर्च्या, काहीही न वगळता.

हाल्वोर्सन यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद पसरला, कोडं सुटल्याचा. मग हळूहळू रंग उतरला.

"दीड तास फावडं मारलंत तुम्ही?"

"हो."

"त्या गुडघ्याने? आणि तिथे मी गाडी लावली?" त्यांनी सँडविच खाली ठेवलं. "बाई, ही तर सरळ सरळ चोरी झाली. मला तक्रारीचा फॉर्म द्या. एक नाही, दोन द्या."

एक तक्रार त्यांनी बर्निसवर लिहिली, खुर्चीबद्दल. दुसरी स्वतःवर लिहिली आणि ती पहिलीपेक्षा लांबलचक झाली.

"अहो, हे काय करताय?" बर्निस घाबरली. "नियम नऊ आहे! ज्याच्यावर तक्रार चालू आहे त्याला नेमता येत नाही!"

"ठाऊक आहे. येताना वाचलाय. चांगला नियम आहे." त्यांनी सही केली, दोन्ही कागद तिच्या हातात ठेवले आणि टोपी घातली.

चार चाळीस झाले होते. आपल्यावरची, खुर्चीची तक्रार बर्निसने नोंदवहीत चढवली, शिक्का मारला, तारीख घातली. मग दुसरा कागद, हाल्वोर्सन यांची स्वतःवरची तक्रार, घेऊन ती जिन्याखाली गेली. तिथे नागरिकांसाठी एक लोखंडी सूचनापेटी आहे. तिची किल्ली नऊ वर्षांपूर्वी हरवली. बर्निसने इकडेतिकडे बघितलं आणि कागद आत टाकला. तो जमा झाला नाही असं कुणाला म्हणता आलं नसतं. प्रामाणिक माणूस नेमण्यासाठी तिने आयुष्यातली पहिली जाणूनबुजून केलेली लबाडी होती ती, आणि जिना चढताना तिचा गुडघा जराही दुखला नाही.

चार पंचावन्नला सॅलने डोळे मिटून सही केली. दरवाजापर्यंत पोचलेल्या हाल्वोर्सन यांना हाक मारून परत आणलं, आणि त्यांना काही कळायच्या आत त्यांचा हात वर करवून शपथ दिली.

सोमवारी सकाळी आठला बर्निसच्या दारावर टकटक झाली. हाल्वोर्सन आत आले, गळ्यात नवं ओळखपत्र आणि काखेत तिची नोंदवही.

"बाई, शुक्रवारी मी दोन तक्रारी दिल्या होत्या. यात तुमची आहे, माझी नाही. माझी कुठे गेली?"

बर्निसने त्यांच्याकडे बघितलं. इतका योग्य माणूस आपण नेमला याचा तिला भयंकर अभिमान वाटला आणि तळपायापर्यंत घाम फुटला. तिने उठून दार लावून घेतलं.

"सांगते," ती म्हणाली. "पण आरोपी म्हणूनच सांगायचं ना मी?"

"छे, छे. त्या प्रकरणात आरोपी मी आहे," हाल्वोर्सन वही उघडत म्हणाले. "तुम्ही सध्या फक्त साक्षीदार. तुमचं दुपारी बघू."