बहीण बाह्य समजावी

प्रकृती उत्तम असणं ही पूर्वी ज्याची त्याची खाजगी बाब होती. माणूस उठायचा, कामाला जायचा, जेवायचा, झोपायचा. एखाद्या दिवशी उठला नाही की त्याची प्रकृती उत्तम नव्हती हे लोकांच्या लक्षात यायचं. अलीकडे ती सार्वजनिक बाब झाली आहे. सार्वजनिक बाब म्हटली की समिती आली, समिती आली की नियम आले, आणि नियम आले की ते मोडायलाही कुणीतरी लागतं. रत्नागिरीच्या सागरी ट्रायथलॉनपुरती ही जबाबदारी धम्मदीप तांबे यानं पार पाडली.

ट्रायथलॉन म्हणजे आधी समुद्रात पोहायचं, बाहेर येऊन ओल्या अंगानं सायकल चालवायची आणि सायकल टाकून पळायचं. हे सगळं सलग, आणि मागे कुणी लागलेलं नसताना. (ही तिन्ही कामं आपल्याकडचे मच्छीमार, पोस्टमन आणि एसटी चुकलेली माणसं पूर्वापार करत आली आहेत, पण त्यांनी प्रवेश अर्ज भरला नाही, त्यामुळे त्यांना पदक देता येत नाही.) ठरल्या वेळेत आटपलं तर ताटलीएवढं पदक मिळतं. वेळ टळली तर नुसतं केळं मिळतं. त्या वेळेला कटऑफ म्हणतात.

धम्मदीप एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघतो. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, पोट उंबरठा ओलांडून पुढे गेलेलं. डॉक्टरांनी "जरा चालत जा" म्हणून सांगितलं, तर हा सायकल क्लबात गेला. तिथे अध्यक्ष संदेश सरांनी त्याला पहिल्याच दिवशी 'चॅम्पियन' म्हटलं. (सर सगळ्यांनाच चॅम्पियन म्हणतात, नावं लक्षात राहत नाहीत.) कार्यालयात इतक्या वर्षांत त्याला 'अहो तांबे' याखेरीज कुणी काही म्हटलं नव्हतं. गडी विरघळला.

गेल्या वर्षी त्यानं पहिली ट्रायथलॉन पुरी केली. सगळ्यांच्या शेवटी, पण कटऑफच्या आत. ते पदक अजून टीव्हीच्या वर लटकतंय आणि बायको स्नेहल पाहुण्यांना चहाच्या आधी ते दाखवते. या आनंदात एकच गोष्ट आडवी आली. सायकलीचा रस्ता भाट्याहून पावसकडे जातो, आणि गोळपचा चढ संपतो तिथंच, रस्त्याला लागून, धम्मदीपच्या थोरल्या बहिणीचं, नंदाताईचं घर आहे. ती उजाडल्यापासून अंगणात उभी होती. हातात कोकम सरबताचा तांब्या, ओटीवर झाकून ठेवलेले घावणे, आणि सोबत निम्मी वाडी, जिला तिनं घरोघर फिरून सांगितलं होतं, "माझा भाव येतोय सायकलीवरून, बघायला या." भाव आला. हँडलवरच्या घड्याळात बघत आला आणि घड्याळातच बघत गेला.

"तुझा भाव गेला गो," शेजारच्या सोनूबाई म्हणाल्या, "वळून पण बघितलंन नाय."

आता कोकणात माणसाला पुष्कळ गोष्टी माफ आहेत. दोन हात जमिनीपायी भाऊ भाऊ कोर्टात उभे राहतील आणि तारीख संपली की एकाच रिक्षानं घरी येतील. पण दारावरून जायचं आणि घरात यायचं नाही, याला माफी नाही. "घरावरून गेलास, थांबलास नायस" हे कलम कुठल्याही कायद्यात सापडत नाही, आणि त्यातून सुटलेला आरोपीही सापडत नाही.

नंदाताईनं अबोला धरला. फोन उचलेना. आईच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला आली, वंदना झाली, सगळ्यांशी हसून बोलली, आणि धम्मदीपनं पुढे केलेल्या चहाकडे न बघता रिक्षात बसली. त्या दिवशी धम्मदीप मागच्या दारी, मोरीपाशी उभा राहून रडला. (याची आवक नोंद नाही.) रडण्यासारखंच होतं. आई दिवसभर दुसऱ्यांच्या शेतावर असायची, आणि त्याला वाढवला तो या बहिणीनं. काजळी नदीच्या डोहात त्याच्या पोटाखाली हात धरून, "हात मार मेल्या, हात मार" असं ओरडत पोहायला तिनंच शिकवलं. सायकलही तिनंच, मागून कॅरिअर धरून. धावायला मुद्दाम शिकवलं नाही, पण ती फोक घेऊन मागे लागली की तो धावायचाच. (याच गोष्टींना संदेश सरांच्या क्लबात 'कोचिंग' म्हणतात आणि त्याचं प्रमाणपत्र असतं.)

तेव्हा यंदा त्यानं ठरवलं, ताईकडे थांबायचं आणि पदकही आणायचं. यात अडचण एकच होती, ती म्हणजे नियम चौदा. 'स्पर्धकाने अधिकृत केंद्राखेरीज कोणत्याही बाह्य व्यक्तीकडून अन्न, पाणी, आधार वा ढकलणे स्वीकारल्यास तो बाद ठरेल.' (गेल्या वर्षी एका स्पर्धकाला त्याच्या मेव्हण्यानं अख्खा चढ स्कूटरवरून ढकलत नेलं होतं. स्पर्धक तिसरा आला. मेव्हणा दुसरा.) धम्मदीप पडला सरकारी माणूस. त्यानं रीतसर अर्ज केला: 'सख्खी बहीण ही बाह्य व्यक्ती आहे काय, याबाबत मार्गदर्शन व्हावे.'

समिती बसली. एका सदस्याचं म्हणणं पडलं की लग्न झालेली बहीण दुसऱ्या घरची, सबब बाह्य. दुसऱ्याचं म्हणणं, भाऊबीजेला तीच आतली असते. तिसऱ्यानं बटाटेवडे आले का ते विचारलं. अखेर स्पर्धा भाऊबीजेच्या दिवशी नसल्याने बहीण बाह्य समजावी, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. थांबायला, उतरायला, बोलायलाही हरकत नाही. फक्त काही घ्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही.

"दोन मिनिटं थांब, हाय-बाय कर, निघ," संदेश सर म्हणाले. "सिंपल आहे, चॅम्पियन."

सरांना ते सिंपल वाटणं स्वाभाविक होतं; सर बदली होऊन बाहेरून आलेले. आमच्याकडे न येणाऱ्याला विसरलास म्हणतात, पण येऊन पाणी न पिणाऱ्याला वैरी म्हणतात. त्यातून तांबे मंडळींच्या घरात पाणी ही साधी गोष्ट नव्हे. आजीच्या वेळी गावात त्यांच्या ओंजळीत पाणी वरून, लांबून ओतलं जायचं. तेव्हापासून प्रेमानं पुढे केलेलं पाणी नाकारायचं नाही, असा त्या घरात नियम आहे. त्याला क्रमांक नाही.

स्पर्धेचा दिवस उजाडला. समुद्रात धम्मदीपला इतर स्पर्धकांच्या लाथा आणि एक जेलीफिश लाभली. सायकलीवर बसून गोळपच्या चढाला लागला तेव्हा पुढे सगळे स्पर्धक होते आणि मागे रुग्णवाहिका होती. चढ संपला. घरासमोर शिट्टी घेऊन तेजल मॅडम उभ्या होत्या. (त्या शाळेत पीटी शिकवतात, अर्ज आल्यामुळे समितीनं त्यांना खास तिथं नेमलं होतं.) नंदाताई ओटीवर विळी घेऊन नारळ खवत होती, रस्त्याकडे पाठ करून.

धम्मदीप उतरला. "ताई."

खवणं चालूच.

"ताई, थांबलोय बघ."

"दिसतंय," ती भिंतीला म्हणाली. वर्षभरातला तिचा हा पहिला शब्द. मग उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहिली.

 धम्मदीपनं चाचरत नियम चौदा सांगितला. बाह्य व्यक्तीकडून वगैरे.

"बाह्य म्हंजे?"

"म्हणजे बाहेरची."

"आणि मी?"

"समितीनं तसं ठरवलंय, ताई."

"समितीला नाय विचारत मी. तुला विचारतेय."

धम्मदीपनं घड्याळाकडे बघितलं. पदक अजून हातचं गेलं नव्हतं. मग ताईच्या हाताकडे बघितलं. तांब्या धरलेल्या त्याच हातावर तो कधीकाळी डोहात पालथा पडून तरंगला होता. त्यानं तांब्या घेतला आणि तोंड लावून घटाघटा रिकामा केला.

तेजल मॅडमनी शिट्टी वाजवली. वाजवून झाल्यावर डोळे पुसले. (समितीच्या अहवालात 'धूळ' असं नमूद आहे.)

"शिट्टी कसली?" ताईनं विचारलं.

"बाद झालो."

"बाद? पाणी प्यालास म्हणून? मेल्या, मग प्यालास कशाला? एवढा दर्या पोहून आलास आणि एका तांब्यापायी घालवलंस? आधी सांगायचंस ना मला!"

"तो तेच सांगत होता," भावोजी दारातून म्हणाले.

"तुम्ही गप बसा."

वर्षभर तुंबलेलं सगळं तिनं उभ्या उभ्या मोकळं केलं. शिव्या खाताना कुणाचा चेहरा इतका खुललेला भावोजींनी पूर्वी पाहिला नव्हता. मग घावणे आले. रुग्णवाहिकेत रुग्ण नसल्यानं ड्रायव्हरही ओटीवर आला. एवढ्यात पावसहून परतणाऱ्या स्पर्धकांना घावण्यांचा वास लागला. आधी एक थांबला, मग दोघं. एक कोल्हापूरचे बँक मॅनेजर तर तिसऱ्या क्रमांकावर होते, दुसरा घावणा संपवून त्यांनी भावोजींचा फोन मागून घेतला आणि बाजूला जाऊन म्हणाले, "काही नाही गं ताई, सहज केला." त्या दिवशी गोळपच्या चढावर एकूण नऊ स्पर्धक बाद झाले. त्यांपैकी नंदाताईचा भाऊ एकच होता.

समितीनं प्रकरण गांभीर्यानं घेतलं. पुढच्या वर्षी मार्ग बदलावा म्हणून उपसमिती नेमली. उपसमितीनं जिल्हा पालथा घातला आणि अहवाल दिला, की कुणाचीच बहीण राहत नाही असा रस्ता जिल्ह्यात उपलब्ध नाही. सबब पुढची स्पर्धा एखाद्या बंद सभागृहात घेण्याचा विचार आहे. पोहण्याचं काय, ते नंतर बघू असं ठरलं.

राहता राहिले वाचक. आपण गेल्या सुट्टीत गावाकडे गेला होतात. पदकाचा प्रश्न नव्हता, मागे रुग्णवाहिका नव्हती, पुढे शिट्टी नव्हती, गाडीत एसी होता. वाटेवरच्या त्या घराशी आलात तेव्हा "येताना थांबू" म्हणालात, आणि येताना काच वर केलीत. अंगणात कुणीतरी उभं होतं. आपला कटऑफ किती वाजताचा होता, तेवढं समितीला कळवावं.