चौगुले अण्णांचं मशीन

चौगुले अण्णा कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खुर्ची हलवून बघायचे. दोन्ही हातांनी पाठ धरून तिला डावीकडे-उजवीकडे झटका द्यायचे, कान जवळ नेऊन ऐकायचे आणि घरमालकाकडे बघत दुःखाने म्हणायचे, "प्ले आहे." मग त्याच खुर्चीत बसायचे.

दोन भाग एकमेकांत घट्ट न बसता डुगडुगले, की त्या डुगडुगण्याला कारखान्यात प्ले म्हणतात, हे देवासच्या आमच्या कॉलनीला अण्णांनीच शिकवलं. जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ तेच, असं त्यांचं मत होतं. माझ्या फाटकाच्या बिजागरीत प्ले होता, स्कूटरच्या हँडलमध्ये होता, डेंटिस्टच्या खुर्चीत तर होताच होता. एका लग्नात त्यांनी स्टेजवर जाऊन नवरदेवाची खुर्ची हलवली, तीही नवरदेव आत बसलेला असताना. मुलीकडच्यांना वाटलं, ही मुलाकडची काही रीत असेल. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडची. दोन्हीकडून अण्णांना नारळ मिळाला.

अण्णा मूळचे कोल्हापूरकडचे. तरुणपणी देवासच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये लागले आणि तिथूनच रिटायर झाले. मी धारचा. आमच्या घरातली मराठी पिढ्यान्‌पिढ्या माळव्याचं पाणी प्यालेली, ती ऐकून अण्णांच्या कपाळाला आठी पडायची. "अण्णा, लाइट चली गई वाटतं," असं मी म्हटलं की ते म्हणायचे, "मास्तर, तुमच्या मराठीतसुद्धा प्ले आहे हो." मी शाळेत हिंदीतून गणित शिकवायचो, त्यामुळे मला फारसं लागत नसे.

रिटायर झाल्यावर माणसं भजनाला जातात. अण्णांनी सीएनसी राउटर घ्यायचं ठरवलं. ते काय असतं, असं मी विचारून बसलो.

"समजा, लाकडावर मोर कोरायचाय," अण्णा म्हणाले. "इथं काँप्युटर सांगतो आणि मोटारी ऐकतात. फिरतं पातं डावं-उजवं, पुढं-मागं, वर-खाली बरोबर सांगितल्या जागी जातं आणि कोरून मोकळं होतं. रुसवा नाही, फुगवा नाही."

"पण मोर कशाला पाहिजे?"

"मोर उदाहरण आहे हो."

इंदूरच्या एका दुकानात आम्ही दोघं चौकशीला गेलो. दुकानदाराने दाखवलेलं 'सबसे छोटा मॉडल' अण्णांच्या बैठकीच्या खोलीत मावलं असतं, फक्त मग अण्णांना अंगणात राहावं लागलं असतं. अण्णांनी ते हलवून पाहिलं. हललं नाही, म्हणून ते जरा खट्टू झाले. परतीच्या बसमध्ये समोरची सीट हलवत म्हणाले, "आपणच करू की."

त्या 'आपण'मध्ये मीही आहे, हे मला भंगारबाजारात कळलं. जुन्या प्रिंटरांच्या ढिगासमोर बसून अण्णा एकेकाची मोटार बोटांनी फिरवून बघत होते आणि मी पिशवी धरून उभा होतो. भंगारवाल्याने मला हळूच विचारलं, "अंकल डॉक्टर हैं क्या?" मोटारी मिळाल्या. मशीनच्या सांगाड्यासाठी घरातली लोखंडी कॉट कापली गेली. ती इंदुवहिनींची, म्हणजे अण्णांच्या बायकोची, माहेरून आलेली. "माहेरचं तेवढंच उरलं होतं," वहिनी म्हणाल्या, "तेही कामाला लागलं." एका ऑफिसने टाकून दिलेला काँप्युटर आला, सुताराचं छोटं हातमशीन पातं फिरवायला आलं, आणि मागच्या व्हरांड्यात एक प्रकरण उभं राहिलं. ते चालू झालं की शेजारच्या शर्माजींच्या टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई शहारायची.

उद्‌घाटनाला अण्णांनी सगळ्यांना बोलावलं. काँप्युटरला गोल काढायला सांगितलं होतं. मशीन घरघरलं, भुसा उडाला, आणि पाटावर एक चांगला टपोरा बटाटा उमटला.

बँकेत आयुष्य काढलेले शर्माजी पुढे झाले, चष्मा वर सरकवून त्यांनी बटाटा नीट पाहिला आणि म्हणाले, "भिया, इसमें प्ले है."

कॉलनी पुढे कितीतरी दिवस या वाक्यावर खूश होती. अण्णांनी मात्र व्हरांड्याचं दार लावून घेतलं. दोष स्क्रूवरच्या नटात होता. मोटार उलट फिरली की तो क्षणभर डुलकी घ्यायचा. अण्णांनी प्लास्टिकचा नट केला, त्याला स्प्रिंग लावली, फेकून दिली, दुसरी लावली. त्यातून तो वीजकपातीचा काळ. काम अर्ध्यावर आलं की लाइट जायची, आणि परत आली की आपण कुठे होतो हे मशीनला आठवायचं नाही. अण्णा अंधारात तिथेच बसून वीज मंडळाला खास कोल्हापुरी मराठी ऐकवायचे. त्या मराठीत अजिबात प्ले नव्हता.

शेवटी गोल गोल आला. लगेच कॉलनीत मागण्या सुरू झाल्या. कुणाला दारावरची पाटी हवी होती, कुणाला गणपती. शर्माजींना बटाटाच हवा होता, आठवण म्हणून. अण्णांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "मशीन बिझी आहे."

कशात बिझी आहे, ते सांगेनात. एक दिवस मला म्हणाले, "हलकं, पातळ लाकूड पाहिजे. गाठ नको." धारकडच्या मनावर गावी माझ्या मामेभावाची लाकडाची वखार आहे. बसने तिकडे गेलो. अण्णांनी शिवणीच्या फळ्या निवडल्या आणि त्या पापडासारख्या पातळ चिरून मागितल्या. मामेभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "भिया, यात फर्निचर नाही बनणार. साहेबांना समजावून सांग ना."

मी समजावलं नाही. अण्णांच्या घरात काय चाललंय, ते तोवर सगळ्यांना माहीत होतं. वहिनींच्या डोळ्यांत काचबिंदू होता आणि तो उशिरा कळला होता. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं. त्या वर्षी उजेड आणि सावली एवढंच उरलं. वहिनींची दुपार म्हणजे पत्ते. माझी बायको शैला, शर्माजींची बायको आणि समोरच्या जोशीकाकू यांच्याबरोबर त्या रोज, पत्ते उडू नयेत म्हणून पंखा कमी करायला लावून, बदामसात खेळायच्या आणि समोरच्याला अडवून धरण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. डोळे गेले तसा तो डाव बसेना. वहिनींसमोर पत्ते काढायचे कसे, म्हणून बायका जाईनात, आणि गेलं तर बोलायचं काय, हेही त्यांना सुचेना.

मग एका उन्हाळ्याच्या दुपारी अण्णा आमच्या दारात आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. फाटकाला हातसुद्धा लावला नाही.

"मास्तर, शैलावहिनी आहेत का? डावाला या म्हणावं. जोशीकाकू आणि शर्मीणबाई येतायत."

शैलाबरोबर मीही गेलो. सतरंजीवर लाकडाचे पत्ते मांडले होते. पापडासारखे पातळ, कोपरे घासून गोल केलेले. प्रत्येकावर बदाम, चौकट, इस्पिक, किलवर कोरलेलं, बोटाला लागेल इतकं खोल. राजाला मिशी होती, गुलामाला टोपी आणि राणीला नथ. पत्ते उभे ठेवायला चौघींसमोर खाचा पाडलेली एकेक पट्टी होती. शर्मीणबाईंनी राणीच्या नथीवरून बोट फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. "अब ये क्या," अण्णा त्यांच्यावर ओरडले, "पत्ते बाँटो."

वहिनींनी पट्टीवरून बोटं फिरवली, एक पत्ता इकडचा तिकडे केला, आणि चेहरा अगदी साधा ठेवून विचारलं, "बदामाची सत्ती कुणाकडे आहे गं?"

तिघीही आपले पत्ते चाचपू लागल्या. वहिनींनी त्यांना मनसोक्त चाचपू दिलं.

"अगंबाई," मग म्हणाल्या, "माझ्याकडेच की."

"इंदू, तू सुधरणार नाहीस," जोशीकाकू म्हणाल्या, आणि चौघी हसायला लागल्या.

अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "अण्णा, फर्स्ट क्लास जमलं."

"पत्ते होऊन महिना झाला," ते हळू आवाजात म्हणाले. "तेव्हापासून माझ्याशीच खेळत होती. मला पत्त्यातलं ओ का ठो कळत नाही. तिला माझा कंटाळा यायचा, पण बोलायची नाही. म्हटलं, आता आपणच बोलावणं करावं."

तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला. "अहो, पंखा जरा कमी करा. पत्ते उडतील."

शैलाने माझ्याकडे पाहिलं. शिवणीच्या लाकडाचे पत्ते, पंख्याने कुठले उडतायत. अण्णा सतरंजीच्या कडेकडेने बोर्डापाशी गेले, आणि पंखा दोनवर आणला.