गावंडे साहेबाची पोपटाची पिशवी

आमच्या शेलूबाजारच्या बँकेत गावंडे साहेब कचऱ्याच्या डब्यात कोपरापावतर हात घालून उभे दिसले म्हन्जे समजा बँक उघडली. टाय लावेल असते, चष्मा नाकावर, अन् काल कोनी चुरगाळून फेकेल पैसे काढाची चिठ्ठी वर काढून तिले टेबलावर तळहातानं सपाट करून राह्यले असते. "पाठ कोरी हाय हिची," म्हन्ते. "फेकाची घाई काहून करून राह्यले तुमी?"

मी तिथं ठेकेदाराकडून झाडपुशीले हावो. सातवीतून शाळा सुटली, अन् मले सगळ्याचंच भेव वाटते, कॅमेऱ्याचं, घंटीचं, नोटांच्या मशीनचं, पन सगळ्यात जास्ती साहेबाच्या त्या हाताचं, कारन थो कचऱ्यातून काय काढन याचा नेम नाई. पयल्याच दिवशी मी झाडलं, सुपलीभर कचरा मांगं नेला अन् काडी लावली. आमच्याकडं घरोघरी असंच करते. त साहेब टाय खांद्यावर टाकून पळत आले अन् आपल्या प्याच्या पान्याची बाटली त्याच्यावर उलटी केली. तिथंच उकिडवे बसून अर्धे जळेल कागद असे निवडत होते जसे पाखडेल तांदुळातून खडे.

वरच्या हापिसातून फर्मान आलतं म्हने, का बँक हिरवी कराची. ओल्या-कोरड्या कचऱ्याचे रंगीत डबे आले, फोटो निघाला, हार झाले. बाकीच्या शाखेत त्या डब्यात आता छत्र्या ठेवते, असं आमचे मॅनेजरच हासून सांगते. गावंडे साहेबानं मात्र फर्मान मनावर घेतलं. एसीचं पानी बादलीत, बादलीचं कुंडीत. कोऱ्या पाठीच्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून खिडकीले टांगेल. नाव असलेला कागद मात्र कातराच्या मशीनीतून काढते, मंग त्याचा मऊ मऊ भुगा खोक्यात भरते, अन् महिन्यातून एकडाव रफिकभाई भंगारवाले थो घेऊन जाते.

प्लास्टिकची पन्नी घेऊन कोनी आलं त साहेब दारातच अडवते.

"बाप्पू, पन्नी इकडं द्या. कापडाची पिशवी घ्या."

"साहेब, पन्नीत माही मेथी हाय."

"मेथी तुमची, पन्नी माही."

"लग्नात तरी इतकं नाई मांगतलं मी सासऱ्याले," बाप्पू म्हन्ते, पन देते.

त्या पिशव्या साहेबाची बायको घरी शिवते. साहेब साऱ्याइले वाटते. पन जेवनाचा डबा आनाची त्याहीची सोताची एक पिवळी पिशवी हाय, पोपटाच्या छापाची, धुऊन धुऊन पोपट पांढरे झाले. थे कोनाले हात लावू देत नाई. कॅशवाली मॅडम एकडाव मजाकीत म्हन्ली, "साहेब, हे मले द्या, माह्या पोराले पोपट आवडते." साहेबानं पिशवी काखेत धरली अन् म्हन्ले, "पोपट जुने झाले मॅडम, बोलत नाई."

आता माही गोष्ट आइका. सोयाबीन सोंगनीचे दिवस होते, सासू वावरात, माहा नवरा पुन्याले कंपनीत, अन् माही चिमी चार महिन्याची. ठेकेदारानं आधीच बजावलं होतं, लेकरू संगं दिसलं त दुसरी बाई पाहीन. मंग मी का करू? पदराखाली घेऊन आली, दूध पाजलं, अन् मांगच्या खोलीत भुग्याच्या खोक्यात निजवलं. गादीवानी मऊ खोकं, चिमी मस्त झोपली, मी बाहीर फरशी पुसत होती पन कान सारे आतमंधी.

अन् त्याच दिवशी रफिकभाई आला, नेहमीच्या तारखेच्या आधी. मी फडकं टाकून पळाली, तं त्यानं खोकं उचलेलच.

"आज वजन बरं हाय साहेब."

"थांब," साहेब म्हन्ले. "टाचन्या पाह्यल्याबिगर नेऊ देत नाई." अन् खोकं खाली ठेवाले लावून कोपरापावतर हात घातला.

साहेब मंग हाललेच नाई. त्याहीनं हळूहळू हात वर काढला, त त्याहीचं बोट धरून चिमीची मूठ वर आली, अन् मंग कागदाच्या भुग्यानं माखलेली चिमी.

साहेबानं दुसऱ्या हातानं चाचपलं. "हे ओलं हाय," म्हन्ले. "कोरड्यात ओलं कोनं टाकलं?"

रफिकभाई हासून हासून भिंतीले टेकला. मले हासू कुठचं येते. "साहेब, माही हाय थे, सासू वावरात गेली, ठेकेदाराले सांगू नका, नाईतर राहू द्या, मीच नोकरी सोडते, आत्ताच जाते."

"फेकाची घाई काहून करून राह्यली तू?" साहेब म्हन्ले.

चिमीले माह्याजवळ देऊन कपाटातून त्याहीनं हिरव्या बँकेचं ते जुनं कापडी बॅनर काढलं अन् दोन रॅकच्या मंधात झोळी बांधली. अशी गाठ, अशी ओढून पाह्यली, खाली हात लावून तोल पाह्यला. मी पाहतच राह्यली.

"गाठ त घरच्यावानी बांधली साहेब," रफिकभाई म्हन्ला. "लेकरं किती तुमाले?"

"नाई." साहेबानं गाठ आनखी आवळली. "एकडाव बांधली होती. माह्या बायकोनं पिवळं कापड आनलं होतं, पोपटाचं. मंग दवाखान्यातून आमी दोघंच आलो." गाठीवरून बोट फिरवत म्हन्ले, "कापड चांगलं होतं. फेकवलं नाई."

रफिकभाई हळूच खोकं घेऊन गेला. मी चिमीले झोळीत निजवलं. साहेबानं पिशवीतला डबा काढून टेबलावर ठेवला, पिशवीची घडी केली अन् चिमीच्या खाली सारली.

"साहेब, भिजवन न थे."

"धुता येते," साहेब म्हन्ले.

चिमी आता रोज त्या झोळीत निजते, ठेकेदाराले अजून पत्ता नाई. संध्याकाळी पिशवी ओली साहेबाच्या घरी जाते, सकाळी उनाच्या वासाची वापस येते. आता तिच्यात साहेबाच्या डब्यासंगं मेथीचा एक लाडू असते माह्यासाठी, अन् साहेब कचऱ्यात हात घालाच्या आधी माह्याकडं येऊन इचारते, का बायको पुसत होती, पोट्टी रात्री झोपली का नाई.